चाकांवरील घर आणि समुद्रकिनारा

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीच्या मातोश्री आम्हांस भेटावयास आल्या. त्यांची कन्या उच्च शिक्षणाकरितां अमेरिकेंत राहत आहे. सुटींत एक लहानसा ट्रेलर मोटारीस जोडून, त्यांतच निजून, ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यानें एकटीनें प्रवास करावा असा आपला बेत तिनें घरीं कळविला होता. "सर, मुलीला होय म्हणूं कीं नको? तुम्हीं तिला शिकविलेंत, तुम्हीच सांगा," असा त्या माउलीचा प्रश्न होता.

आम्हीं त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ज्या गोष्टीची आपणांस पुरती माहिती नाहीं तिजविषयीं झटकन् होय किंवा नको म्हणणें शिक्षकास शोभत नाहीं. त्या आठ दिवसांत जें वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें, त्याचा सारांश येथें देत आहों. प्रश्न एका मातेचा असला तरी, आज ना उद्यां आपलीं मुलें दूरदेशीं एकटीं जाणार आहेत अशा सर्वच मातापित्यांचा तो आहे.

प्रथम हें चाकांवरील घर म्हणजे काय तें पाहूं. घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना नवी नाहीं. अब्राहामाचें सारें आयुष्य तंबूंत गेलें, आणि आपल्याकडील धनगर आपला संसार घोड्यांवर लादून मेंढरांमागें दरवर्षीं शेंकडों मैल चालत जातात. परंतु केवळ हौसेनें असा प्रवास करण्याची प्रथा युरोपांत १९ व्या शतकाच्या अखेरीस पडली. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, आरमारांतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरानें १८८५ सालीं 'वॉन्डरर' नांवाची, दोन घोड्यांनीं ओढावयाची निवासगाडी मुद्दाम बांधवून घेतली, आणि दक्षिण इंग्लंडांतून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. त्याच्याबरोबर गाडीवान होता व चाकरहि होता; म्हणजे तो खरा एकटा नव्हता. पुढें मोटारी आल्या, घोड्यांची जागा एंजिनानें घेतली, आणि एकट्या मनुष्यासहि असा प्रवास शक्य झाला. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पुष्कळ लोक, पाण्याच्या थेंबासारखा पुढें गोल व मागें निमुळता असा लहान ट्रेलर घरच्या घरीं बांधूं लागले. त्याचाच सुधारलेला प्रकार आजहि लोकप्रिय आहे. आंत सुमारें आठ फूट लांब व चार-पांच फूट रुंद एवढी निजण्याची जागा. मागील बाजूचें झांकण वर उचललें कीं त्याखालीं लहानसें स्वयंपाकघर. खालीं एक आंस व दोन चाकें. आणि पुढें मोटारीस जोडण्याची दांडी. बस्स, एवढेंच तें घर. सामानासह त्याचें वजन बहुधा ५०० ते ७०० किलोग्रॅम भरतें.

आतां विद्यार्थ्यांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. हा दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें आपली बैलगाडीच होय. खेड्यांतून आलेल्या मुलांस ठाऊक असेल, कीं गाडी भरतांना शहाणा शेतकरी ओझें कोठें पडतें तें फार जपून पाहतो. ओझें आंसाच्या मागें गेलें तर गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जाऊन बैलांच्या गळ्यांस फांस बसतो. ओझें फार पुढें आलें तर बैलांच्या मानेवर भार पडून खांदे सोलवटतात. म्हणून भार आंसाच्या किंचित् पुढें असावा, असा आपल्या शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ट्रेलरचा नियम अक्षरशः हाच आहे. एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा, फार तर शेंकडा १५, इतका भार दांडीच्या टोकावर, म्हणजे मोटारीच्या जोडावर पडला पाहिजे.

याचें गणित आठव्या इयत्तेंतील मुलासहि करतां येईल. समजा, ट्रेलरचें वजन ६०० किलोग्रॅम आहे व आंसापासून दांडीचें टोक २५० सेंटिमीटर दूर आहे. टोकावर ६० किलोग्रॅम भार पडत असेल, तर ६० ला २५० नें गुणून १५,००० येतात. त्यांस ६०० नें भागिलें असतां २५ येतात. म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य आंसाच्या २५ सेंटिमीटर पुढें आहे. हें योग्य झालें. आतां पाण्याचा डबा व शिधा मिळून ४० किलोग्रॅमची पेटी मागच्या स्वयंपाकघरांत, आंसाच्या १५० सेंटिमीटर मागें ठेविली. ४० गुणिलें १५० भागिलें २५०, म्हणजे २४ किलोग्रॅम भार टोकावरून कमी झाला, आणि ३६ उरला. एकंदर वजन आतां ६४०. त्याच्या मानानें ३६ म्हणजे शेंकडा सहासुद्धां नाहींत. तीच पेटी आंसाच्या ५० सेंटिमीटर पुढें ठेविली असती तर टोकावर ८ किलोग्रॅम वाढून ६८ झाले असते, म्हणजे शेंकडा दहाहून थोडे अधिक. पेटी तीच, वजन तेंच. फक्त जागा बदलली. पण एका जागीं ती निरुपद्रवी आहे, व दुसऱ्या जागीं ती प्राणावर बेतूं शकते.

प्राणावर बेतते ती कशी? मागें जड असलेला ट्रेलर वेगानें जात असतां, बाजूनें वाऱ्याचा झोत आला किंवा एखादी अवजड मालमोटार शेजारून गेली, कीं त्याचें शेपूट एका अंगास सरकतें. मागील जडपणामुळें तें लवकर थांबत नाहीं. मध्य ओलांडून दुसऱ्या अंगास जातें, आणि प्रत्येक हेलकावा आधींच्या हेलकाव्याहून मोठा होत जातो. शेवटीं ट्रेलर मोटारीस आपल्याबरोबर फरफटत नेतो. अशा वेळीं घाबरून पायाखालचा ब्रेक एकदम दाबणें किंवा चक्र इकडेतिकडे फिरविणें, हीच मोठी चूक होय. पेट्रोलवरील पाय काढून घ्यावा, चक्र सरळ व घट्ट धरावें, आणि वेग आपोआप उतरूं द्यावा. मात्र खरा उपाय प्रवासाच्या आधींच करावयाचा असतो. तो म्हणजे सामान नीट लावणें व वेग आवरणें. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें तर ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस ताशीं ५५ मैलांहून अधिक वेगानें जाण्याची मनाईच आहे.

जोडाची गोष्टहि सांगण्याजोगी आहे. मोटारीच्या मागें एक पोलादी गोळा बसविलेला असतो, व ट्रेलरच्या दांडीस त्यावर नेमकी बसणारी वाटी असते. खटका लावला कीं गोळा वाटींतून निसटत नाहीं, पण वळणावर फिरतो. शिवाय दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या एकमेकींस ओलांडून अडकवितात. दैवयोगानें जोड सुटलाच, तर दांडी रस्त्यांत न रुतता त्या साखळ्यांच्या झोळींत पडावी हा हेतु. दोघे प्रवासी असतात तेव्हां एक जोडतो व दुसरा तपासतो. एकटा मनुष्य मात्र जोडणाराहि आपणच व तपासणाराहि आपणच. म्हणून अनुभवी लोक एक यादी लिहून ठेवतात, आणि निघण्यापूर्वीं प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तिचें नांव मोठ्यानें उच्चारतात: खटका, साखळ्या, दिव्यांची तार, चाकें, झांकण. ऐकणारास हें हास्यास्पद वाटेल. परंतु स्मरणशक्तीवर फाजील भरंवसा ठेवणाराची जी फजिती होते ती याहून हास्यास्पद असते. मागें गाडी घेतांनाहि एकट्यास कोणी हात दाखवीत नाहीं. ट्रेलर मागें ढकलतांना मोटारीच्या उलट दिशेस वळतो, हें ध्यानांत ठेवून थोडें मागें घ्यावें, उतरून पाहावें, पुन्हां थोडें मागें घ्यावें. उतरून पाहण्यांत कसलाहि कमीपणा नाहीं.

आतां किनाऱ्याकडे वळूं. ऑरेगनचा किनारा उत्तरेस कोलंबिया नदीच्या मुखाशीं ॲस्टोरिया गांवापासून दक्षिणेस ब्रुकिंग्जच्या पुढें कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीपर्यंत, सुमारें ३६३ मैल लांब आहे. त्याच्या कडेनें १०१ क्रमांकाचा राजमार्ग जातो. कोंकणांतील वाचकांस हा देश अगदींच परका वाटणार नाहीं. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मधून मधून आंत शिरलेल्या खाड्या. दाभोळहून पलीकडे धोपाव्यास जावयाचें तर आजहि मोटारीसकट तरींत चढावें लागतें. ऑरेगनमध्येंहि पूर्वीं अशाच तरी होत्या. पुढें काँडे मॅकलो नांवाच्या स्थापत्यविशारदानें योजिलेले पांच मोठे पूल १९३६ सालीं पुरे झाले, व रस्ता सलग झाला. त्यांपैकीं ॲल्सी खाडीवरील पूल खाऱ्या हवेनें जर्जर होऊन १९९१ सालीं बदलावा लागला. इतर चार अद्याप उभे आहेत. समुद्राची हवा सिमेंटमधील लोखंडासहि सोडीत नाहीं, तेथें ट्रेलरच्या आंसाची व चाकांच्या छर्‍यांची काय कथा! म्हणून मुक्कामाहून परतल्यावर गाडीचें तळ गोड्या पाण्यानें धुवावें व वंगण पाहावें, असा तेथील परिपाठ आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे सायकली वापरणाऱ्या मुलांस याचें कारण सांगावयास नको.

या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९१३ सालीं ऑस्वाल्ड वेस्ट हे तेथील गव्हर्नर असतां, भरतीच्या रेषेपर्यंतची ओली वाळू हा सार्वजनिक रस्ता आहे असा कायदा झाला. पुढें १९६७ सालीं, गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या कारकीर्दींत, झाडोऱ्यापर्यंतच्या कोरड्या वाळूवरहि लोकांचा वहिवाटीचा हक्क कायद्यानें मान्य झाला. म्हणून श्रीमंताच्या कुंपणानें तेथें गरिबाची समुद्राकडील वाट अडत नाहीं. रात्रीच्या मुक्कामाकरितां मात्र सरकारी उद्यानांतून जागा आंखून दिलेल्या असतात. तेथें पाणी, शौचकूप व पुष्कळ ठिकाणीं वीजहि मिळते. एकट्या प्रवाशास अशी जागा फार सोयीची, कारण शेजारीं इतर कुटुंबें उतरलेलीं असतात.

हवामान मात्र आपल्या उलट आहे. आपल्याकडे उन्हाळ्यानंतर पाऊस येतो. तेथें पावसाळा व हिंवाळा एकच, आणि उन्हाळा बहुतेक कोरडा. उन्हाळ्यांत वायव्येचा वारा वाहून किनाऱ्यालगतचें वरचें पाणी दूर लोटलें जातें व खोलींतील थंड पाणी वर येतें. त्यामुळें ऐन उन्हाळ्यांतहि समुद्र गार असतो, व त्यावरील ओलसर हवेचें धुकें होऊन रस्ता दिसेनासा होतो. आपल्या मुलांस समुद्र म्हणजे पोहण्याचें कोमट पाणी असें वाटतें. त्या समुद्रांत धडधाकट मनुष्याचेहि हातपाय थोड्या वेळांत गारठून निकामी होतात.

भरती-ओहोटीचा हिशेब दोहींकडे चंद्राच्याच हातीं आहे. एका दिवसाची भरती दुसऱ्या दिवशीं सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. आपले कोळी बांधव हें बोटांवर मोजतात. तेथील प्रवाशानें छापील कोष्टक जवळ ठेवावें, आणि कड्याच्या पायथ्याशीं हिंडतांना परतीची वाट भरतीपूर्वीं मोकळी राहील असें पाहावें. याशिवाय त्या किनाऱ्यास दोन खास धोके आहेत. एक, बराच वेळ लहान लाटा येत असतां अकस्मात् एखादी मोठी लाट फार वर चढून येते. दुसरा, नद्यांतून वाहून आलेले प्रचंड ओंडके वाळूवर पडलेले असतात. ते भिजून अतिशय जड झालेले असले तरी वीतभर पाणीहि त्यांस उचलून लोळवूं शकतें. म्हणून तेथील मुलांस लहानपणापासून शिकवितात, कीं समुद्राकडे पाठ करूं नये व ओंडक्यावर बसून खेळूं नये.

गाडीच्या आंतील धोकाहि सांगितला पाहिजे. थंडी वाजते म्हणून कोणी एवढ्याशा बंद जागेंत स्टोव्ह किंवा कोळसे पेटते ठेवून निजेल, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु सांचून मनुष्य झोंपेंतच दगावेल. या वायूस रंग नाहीं व वासहि नाहीं. बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांच्या मृत्यूच्या वार्ता आपल्याकडेहि दर हिंवाळ्यांत वाचावयास मिळतात. तेव्हां चूल बाहेर, खिडकी किंचित् उघडी, आणि पांघरूण दुप्पट, हाच नियम.

आतां जी गोष्ट लिहितांना आमचा हात थबकतो तिजकडे येतों. १९६४ सालीं मार्च महिन्याच्या २७ तारखेस, उत्तम शुक्रवारीं सायंकाळीं, अलास्कांत अतिशय मोठा भूकंप झाला. त्यानें उठलेल्या लाटा समुद्रांतून शेंकडों कोस दक्षिणेस येऊन त्याच रात्रीं ऑरेगनच्या किनाऱ्यावर पोंहोंचल्या. न्यूपोर्टजवळील बेव्हर्ली बीच येथें एक कुटुंब वाळूवरच, ओंडक्यांच्या आडोशास निजलेलें होतें. आईबाप वांचले, चार मुलें समुद्रानें नेलीं. भूकंप त्या ठिकाणीं झालाच नव्हता. त्यांस सूचना मिळावी तरी कशी? आपल्या किनाऱ्यांसहि ही गोष्ट अपरिचित नाहीं. १९४५ च्या नोव्हेंबरांत मकरानलगतच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत येऊन मनुष्यहानि झाली, आणि २००४ च्या नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं, रविवारीं सकाळीं, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जो हाहाकार झाला तो वाचकांपैकीं वडील मंडळींच्या स्मरणांत असेलच.

ऑरेगनच्या किनाऱ्यासमोर तर समुद्राचा तळ जमिनीखालीं सरकत आहे. तेथें १७०० सालीं जानेवारीच्या २६ तारखेस महाभूकंप झाला. त्या काळीं तेथें लेखी नोंद ठेवणारें कोणी नव्हतें. परंतु भूकंपावांचून आलेल्या एका लाटेची नोंद जपानांतील दप्तरांत होती, व तिच्यावरून विद्वानांनीं ती तारीख निश्चित केली. असा भूकंप पुन्हां केव्हां होईल तें कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून आज त्या किनाऱ्यावर जागोजाग निळ्या-पांढऱ्या पाट्या लाविल्या आहेत, व उंचावर जाण्याची वाट त्यांवर दाखविली आहे. नियम साधा आहे. किनाऱ्यावर असतां जमीन जोरानें व बराच वेळ हालली, तर कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां पायीं उंच जागेकडे निघावें. लाट पंधरा-वीस मिनिटांत येऊं शकते. आणि, हें वाक्य आम्हीं त्या मातोश्रींस दोनदां वाचून दाखविलें, ट्रेलर जोडीत बसूं नये. तें घर तेथेंच टाकून द्यावें. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण रविवारच्या शाळेंत शिकतों. परंतु वाळूवरील घर सोडून वेळेवर निघणाराहि शहाणाच म्हटला पाहिजे.

मग इतके धोके असतां एकट्यानें जावेंच कशाला? हाहि प्रश्न त्या माउलीनें विचारला, आणि तो रास्त होता. आम्हांस असें वाटतें, कीं एकटेपण आणि एकांत या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकटेपण मनुष्यावर येऊन पडतें. एकांत तो आपण होऊन पत्करतो. प्रभु येशूहि लोकसमुदायास निरोप देऊन डोंगरावर एकांतीं प्रार्थनेस जात असे, आणि तेथून पुन्हां लोकांत येत असे. परदेशीं अभ्यासाच्या ओझ्याखालीं दबलेल्या तरुण मनुष्यास कांहीं दिवस समुद्राच्या सान्निध्यांत, आपल्या हातचें अन्न खाऊन, आपल्या निर्णयाची जबाबदारी आपणच घेऊन राहावेंसें वाटलें, तर तें वेडेपण नव्हे. मात्र एकांतांत जाणारानें परतीचा धागा तोडूं नये. कोणत्या दिवशीं कोठें मुक्काम, याची लेखी प्रत घरीं द्यावी. रोज ठरल्या वेळीं दोन ओळी कळवाव्या. आणि निरोप न आल्यास किती तास वाट पाहून कोणास कळवावयाचें, हेंहि आधींच ठरवावें. यानें स्वातंत्र्य कमी होत नाहीं. घरच्यांची झोंप मात्र वांचते.

आठव्या दिवशीं आम्हीं त्या मातोश्रींस सांगितलें, कीं "बाई, होय म्हणा, परंतु ही यादी तिला पाठवा, व प्रत्येक कलमापुढें तिच्या हातची खूण करवून मागवा." त्यांनीं तसें केलें. यादी खुणा होऊन परत आली, आणि ऑगस्टमध्यें मुलगी निघाली. पहिल्याच मुक्कामावरून तिनें कळविलें, कीं पाण्याचा डबा व शिधा सोयीसाठीं मागच्या स्वयंपाकघरांत ठेविला होता. दांडीच्या टोकाखालीं साधा वजनकाटा ठेवून पाहिलें तों भार फारच कमी भरला. म्हणून सारें सामान काढून पुन्हां पुढें लाविलें, व त्यांत सूर्यास्त पाहावयाचा राहून गेला. तिसऱ्या दिवशीं धुकें दाट होतें, म्हणून ती निघालीच नाहीं. नऊ दिवसांनीं ती सुखरूप परतली.

तिच्या मातोश्री पुन्हां शाळेंत आल्या तेव्हां म्हणाल्या, "सर, तिनें समुद्राचे पुष्कळ फोटो पाठविले. चांगले आहेत. पण मला धीर आला तो त्या वजनकाट्याच्या निरोपानें." आम्हांसहि तसेंच वाटलें. मुलांनो, तुम्ही उद्यां कोठें जाल तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तुम्हांस अडवून ठेवण्याची आमची इच्छाहि नाहीं. परंतु जाल तेथें ओझें कोठें ठेवावें तें पाहून ठेवा, आणि कोणाचाहि डोळा तुमच्यावर नसतां एकदां उतरून तपासून पाहा. आईबापांस तुमच्या मागें येतां येत नाहीं; ही संवय मात्र त्यांच्यातर्फे तुमच्याबरोबर येऊं शकते.